'ऑथेंटिकेशन'ला, म्हणजे लॉगिन करणारा खरंच तोच आहे का हे तपासण्याला, एकच मराठी शब्द सुचवा (पतसंस्थेच्या ॲपसाठी)

करडईचं फूल, लातूर
तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं ॲप मराठीत करायलोय. लॉगिनचा भाग स्वतः लिहीत बसलो नाही, ॲप ज्या जँगो नावाच्या सॉफ्टवेअरवर बांधलंय त्याला तयार लायब्रऱ्या, म्हणजे कोडचे आयते भाग, जोडल्या. पासवर्डची एक, ओटीपीची दुसरी, कर्मचाऱ्यांच्या गूगल लॉगिनची तिसरी. जँगो यादीतल्या क्रमानं एकेकीला विचारतो, एकीनं ओळखलं की पुढं जात नाही. सुटे भाग, त्यामुळं काम झकास. घोळ झाला तो भाषांतरात. तिघांनी तीन भाग वाटून घेतले आणि आता एकाच ॲपमध्ये 'प्रमाणीकरण अयशस्वी', 'अधिप्रमाणन झाले नाही' आणि 'सत्यापन त्रुटी' असे तीन संदेश आहेत. परवा एक खातेदार मावशी काउंटरवर येऊन म्हणायल्या, "कशाचं प्रमाण कमी पडलं, साहेब?"

अनुस्वार
मावशींचं बरोबर आहे. प्रमाणीकरण म्हणजे स्टँडर्डायझेशन, प्रमाणभाषा म्हणतो तसं. सत्यापन हिंदीतून आलेलं. अधिप्रमाणन घ्या. जड वाटतो, पण वापरला की रुळतो. सावरकरांचा 'दिनांक' नाही रुळला?

पाथरीकर
रुळला. त्यांचा 'दूरध्वनी' मात्र पाटीवरच राहिला.
आमच्याकडं ह्याला 'थम' म्हणतात. रेशन दुकानात "थम लागला का?" एवढंच विचारतात. कापूस वेचून वेचून माझ्या आईच्या बोटाच्या रेषा झिजल्या, थम लागत नाही. बोट पदराला पुसायचं, परत ठेवायचं, परत पुसायचं. दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखतो, पण मशीन ओळखत नाही. तिला अधिप्रमाणन म्हणून दाखवा!

सई_नांदेड
सरळ 'ओळख पटली नाही' लिहा की.

अनुस्वार
'ओळख पटली नाही' हे बेवारस मृतदेहाच्या बातमीत असतं. खातेदार पैसे काढायला आलाय.

जुनं दप्तर
आमचे आजोबा निझामाच्या काळात उर्दूत शिकलेले. कागद खरा की खोटा हे बघण्याला ते 'तसदीक' म्हणायचे, 1948 नंतरसुद्धा. आणि दुसऱ्याच्या वतीनं सही करायचा अधिकार म्हणजे 'मुखत्यारी'. बघा, ऑथेंटिकेशन आणि ऑथोरायझेशन दोन्ही आपल्याच दप्तरात सापडले. 'तसदी घेणे' हेही ह्या तसदीकमधूनच आलं असावं, कारण खातरजमा करायची म्हणजे त्रास आलाच.

सई_नांदेड
नाही हो दादा. तसदी 'तसदीअ'वरून, मुळात डोकेदुखी. तसदीक 'सिद्क'वरून, म्हणजे खरेपणा. दोन वेगळी मुळं.

जुनं दप्तर
ताई, आजोबांच्या बोलण्यात दोन्ही एकच होतं.

पाथरीकर
ओटीपी येईपर्यंत दोन्ही एकच असतं.

नेटवर्कवाला
इंग्रजीवाल्यांनी तरी काय दिवे लावलेत? कोण आहे हे न सांगता आत शिरलं तर सर्व्हर 401 हा त्रुटी-क्रमांक देतो, त्याचं नाव 'अनऑथोराइज्ड'. खरं तर तिथं ऑथेंटिकेशनच झालेलं नसतं. ओळखलं, पण आत सोडणार नाही, ह्यासाठी 403 वेगळा आहे. करडई, दोन संदेश वेगळे ठेवा, शब्द कोणताही घ्या.

करडईचं फूल, लातूर
403ला 'परवानगी नाही' लिहिलंय, त्यावर भांडण नाही. पहिल्याचं सांगा. आणि लॉगिन असं सुट्या भागांचं आहे हे सांगायला मदत पानावर 'मॉड्युलर' लिहू का 'घटकाधारित'?

अनुस्वार
घटकाधारित.

पाथरीकर
घटकाधारित कुणाला कळणार? वखराचं बघा. दांडी तीच, लोखंडी पास तेवढी काढून दुसरी बसवायची. 'पास बदलता येणारं' लिहा.

सई_नांदेड
पास? आमच्याकडं फास म्हणतात.

जुनं दप्तर
फासच. पास म्हणजे एसटीचा.

पाथरीकर
एसटीच्या पासचा इथं काय संबंध? परभणीच्या कोणत्याही लोहाराला विचारा.