स्टिल्ट नक्की कुणासाठी? गाड्यांसाठी, पुरासाठी की गोडाऊनसाठी?

खेर्डीकर: परवा चिपळूणला बाजारपेठेजवळ आत्याकडे गेलो होतो. नवीच बिल्डिंग, खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांवरची उघडी पार्किंगची जागा, तिथे १४ गाड्यांसाठी पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या. त्यातल्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कॉलम, एकीत पंपाची केबिन आणि कोपऱ्यातल्या तीन तर पत्रे ठोकून, शटर लावून गोडाऊन करून टाकल्यात. नकाशावर हे सगळं पार्किंगच हां. शेवटी गाडी रस्त्यावर लावली नि दहा मिनिटांत मागे एसटी अडकली, मग काय, ड्रायव्हरच्या शिव्या खाल्ल्या. २ डिसेंबर २०२० ला मुंबई वगैरे सोडून जवळपास अख्ख्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लावली, युनिफाइड डीसीपीआर म्हणतात ती. कारला २.५ बाय ५ मीटर जागा, दुचाकीला १ बाय २. कागदावर ठीक आहे, पण पुण्याचं माप आमच्या नदीकाठच्या गावाला कसं बसायचं? माझं म्हणणं, पूररेषेच्या आतल्या बिल्डिंगींना वेगळा नियम हवा, खाली फक्त पाणी यायची जागा, बाकी काही नाही.

स्लॅबवाला: मी साइटवर काम करतो म्हणून सांगतो, राग मानू नका. पार्किंग एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या हिशेबात, धरत नाहीत म्हणून तर निदान स्टिल्ट होतो, नाहीतर खाली सरळ गाळे काढले असते सगळ्यांनी. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा, ज्यांच्याखाली स्टिल्ट होता त्यांचं पहिल्या मजल्यावरचं सामान वाचलं, बैठ्या घरांचे हाल सगळ्यांनी बघितलेत. गाड्या तेवढ्या काढून खाली मोकळं ठेवा म्हणताय, मग त्या लावायच्या कुठे? रस्त्यावरच ना? म्हणजे परत तुमची एसटी अडकणार.

मार्कंडीची सून: वाचलं ते खरंय दादा, पण आमच्या चौघांच्या गाड्या स्टिल्टमध्येच एकमेकींवर चढल्या होत्या, सासऱ्यांची स्कूटर पंपाच्या केबिनवर आडवी. रात्री पाणी वाढतंय हे कळेपर्यंत गेट उघडत नव्हतं. आणि गोडाऊनच्या शटरमुळे पाणी वाहून जायला वाट नाही, चिखल तिथेच थापला. स्टिल्ट असू दे, पण चारी बाजूंनी उघडा ठेवा एवढंच.

जांभाचिरा: पार्किंगवर सगळे भांडताय, डिझाइनचं कोण बोलणार? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपण सपाट स्लॅब घालतो, मग तीन वर्षांत गळतो म्हणून वर निळा पत्रा चढतो. आजोबांच्या घराला पडवी होती, कौलांची वळचण भिंतीच्या बाहेर हातभर, झड आत यायची नाही. आता बाल्कनीत झड येते म्हणून काचा लावतात, मग आत बुरशी. नियमात उतरतं छप्पर आणि रुंद छज्जा सक्तीचा करा.

स्लॅबवाला: @जांभाचिरा छज्जा मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, किती बाहेर काढायचा यालाही नियम आहे हो. आणि जांभ्याच्या भिंती जाडजूड, त्यात कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, कमी झाला की गिऱ्हाईक पळतं. चाकरमान्याला मुंबईतून फोटो बघून फ्लॅट घ्यायचाय, वळचण कोण विचारतंय.

खेर्डीकर: चाकरमान्यांचा विषय काढलाच आहे तर, गणपतीत बिल्डिंगीत किती गाड्या येतात बघा. आत्याच्या बिल्डिंगीत एरवी आठ असतात, चतुर्थीला बावीस, अर्ध्या मुंबई-ठाण्याच्या. पाच दिवसांसाठी कोण कशाला पार्किंग बांधेल, मान्य. पण जी १४ कागदावर आहेत ती तरी द्या.

मार्कंडीची सून: आमच्याकडे तर स्टिल्टमधली जागा फ्लॅटबरोबर वेगळे पैसे घेऊन दिली. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टिल्टची जागा गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही असं सांगितलंय, हे आम्हाला पैसे दिल्यावर कळलं. पावतीवर ‘विकास शुल्क’ असं काहीतरी लिहिलंय.

स्लॅबवाला: पावती जपून ठेवा वहिनी. आणि खेर्डीकर, कॉलमच्या मधल्या पट्ट्यांचं म्हणाल तर मंजूर नकाशाची प्रत काढा आधी, बऱ्याचदा नकाशात कॉलम बाजूला असतो आणि पट्ट्या नंतर कुणीतरी ब्रश घेऊन मारतो.

खेर्डीकर: काढतो. शनिवारी टेप घेऊन जातो, आत्या चहा ठेवतेच म्हणाली.