मदत हवी आहे: थंडीत भातसा धरणाच्या फुगवट्यावर रोहू-मृगळ लागत नाहीत

मुलुंडचा_गळ:
नमस्कार मंडळी. रीतसर परवानगी घेऊन भातसाच्या फुगवट्यावर काठावरून फ्लोटने (तंगूसवरच्या तरंगत्या खुणेने) बसतोय. डिसेंबर लागल्यापासून सकाळी सहा ते दहा फ्लोट ढिम्म. ऊन वर आलं की बारीक टुकटुक होते आणि गळ रिकामा येतो. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) ०.३५ मिमी, गळ ६ नंबर, आमिष पेंड-कणीक, खोली अंदाजे सहा फूट. बसल्याबसल्या मासे जमवायला पाण्यात किलोभर चारा टाकतो. आमिष बदलू की जागा?

तळठाव:
आमिष अजिबात बदलू नका. वेळ, खोली आणि चारा, हे तीन बदला. रोहू-मृगळ २५ ते ३० अंशांच्या पाण्यात भरपूर खातात. पाण्याचं तापमान त्याखाली उतरत गेलं की पचन मंदावतं. किलोभर चाऱ्यात त्यांचं दिवसाचं भागतं, गळाकडे कोण बघणार?

रात्री काठचं उथळ पाणी सगळ्यात आधी गार होतं, म्हणून पहाटे सहा फूट खोलीवर मासा नसतोच. सकाळच्या वेळी १२ ते १५ फूट खोलीवर जा. अकरा ते चार मात्र उन्हातला, गार वाऱ्याला आडोसा असलेला उथळ कोपरा धरा. पवईचा हिशोब इथे लावू नका, ते तळं उथळ आहे.

खोली अंदाजाने नको. गळाला १५ ग्रॅम शिसं अडकवून टाका. फ्लोट बुडाला तर वर सरकवा, आडवा पडला तर खाली. १५ फुटांवर घट्ट बसवलेला फ्लोट फेकताच येत नाही. सरकता फ्लोट, बारीक मणी आणि वर खोलीच्या मापावर फ्लोट अडवणारी दोऱ्याची स्टॉपर गाठ हवी.

कोंडापेंड:
चाऱ्याबद्दल. अर्धा किलो गव्हाचा कोंडा, १०० ग्रॅम शेंगदाणा पेंड, मूठभर काठची माती. लिंबाएवढे दोन गोळे घट्ट दाबून टाका, मग अर्ध्या तासाने एकेक. सैल गोळा वरच फुटतो, भुगा तरंगत राहतो आणि चिल्लर मासळी गोळा होते. तुमची टुकटुक तीच. आमिषाच्या कणकेत कापसाचे चिमूटभर धागे मळा, गोळा हरभऱ्याएवढाच ठेवा. सहज सुटत नाही.

हिवाळ्यात गाळ बसून पाणी निवळतं, तिथे ०.३५ फार जाड. मुख्य तंगूस ०.२८, पुढे ०.२२ चा दीड फुटाचा तुकडा, गळ १० नंबर (६ पेक्षा लहान). बुडालेल्या खोडात अडकलं तर तेवढा तुकडाच तुटतो. तंगूसवरचं सगळ्यात बारीक शिसं गळापासून १५ सेंमीवर, तळाला टेकलेलं. फ्लोटचं टोक सेंटीमीटरभरच दिसू दे. थंडीत मृगळ फ्लोट बुडवेलच असं नाही: तो आमिष उचलतो, शिशाचा भार सुटतो आणि फ्लोट वर येऊन आडवा पडतो. तेव्हाच झटका द्या. बुडायची वाट बघाल तर गेला.

मुलुंडचा_गळ:
खूप आभार दोघांचे! दुपारी वाऱ्याने फ्लोट सरकतो, त्याला काय करावं?

तळठाव:
फ्लोट फक्त खालच्या कडीतून ओवा. जरा लांब फेका, काठीचं टोक पाण्यात बुडवून रीळ दोन-तीन वेढे फिरवा. तंगूस पाण्याखाली गेली की वारा तिला ओढत नाही. आणि मुंबईला पाणी सुटत राहतं, तशी पातळी उतरते, तेव्हा खोली दर वेळी नव्याने मोजा. उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पण पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठीने चाचपूनच उतरा.