श्रावणबाळचा अर्ज २१ हजारांच्या अटीवर नामंजूर, आता काय करावं?

वाटसरू: आत्या ६८ वर्षांची, विधवा, मूलबाळ नाही, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यात एकटी राहते. गुडघे गेलेत तरी खुरपायला जाते. श्रावणबाळचा, म्हणजे निराधार वृद्धांच्या सरकारी पेन्शनचा, अर्ज सेतूतून भरला तर नामंजूर, कारण दाखल्यावर वार्षिक उत्पन्न ३६ हजार लावलंय आणि मर्यादा २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. एवढ्यात किराणा आणि गोळ्या तरी होतात का? दारिद्र्यरेषेच्या यादीतही नाव नाही. कोणी यातून गेलंय का?

माणगंगा: ३६ हजार कशावरून धरले ते आधी विचारा. बहुतेक वेळा रोजची मजुरी गुणिले दिवस असं सरसकट धरतात, पण या वयात रोज कोण कामाला बोलावतं? तहसीलदारांच्या नावाने लेखी अर्ज द्या, फेरचौकशी मागा, शेजाऱ्यांचे जबाब जोडा आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. बँक खात्याला आधार लिंक आहे ना तेही बघून ठेवा, नाहीतर मंजूर होऊनही पेन्शनचे महिन्याचे १५०० अडकतात. आणि सत्तरी झाली की मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड काढाच, तिथे उत्पन्नाची अट नाही.

जुना_कामगार: आमचं बघा, आयुष्यभर पगारातून पीएफ कापला गेला, तरी ईपीएस ९५ ची (पीएफवाल्या कामगारांची पेन्शन योजना) किमान पेन्शन २०१४ ला ठरली ती १००० रुपये, महागाई भत्ता नाही. ७५०० साठी बुलढाण्यातून आंदोलन सुरू झालं, आम्ही दिल्लीपर्यंत जाऊन बसलो. तुमच्या आत्यांसारख्यांची तर संघटनाही नाही, त्यांच्यासाठी कोण बसणार? ही २१ हजारांची अट बदलायलाच पाहिजे, आमदाराला गाठा.

रेवती_प: आत्यांच्या नावावर जमीन आहे का? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात मूल नसलेल्यांचीही सोय आहे, जो नातेवाईक त्यांची मालमत्ता वापरतोय किंवा ज्याला ती पुढे वारसाने मिळणार आहे त्याच्याकडे ऐपत असेल तर पोटगी मागता येते. अर्ज प्रांत ऑफिसला, वकील लागत नाही, महिना १० हजारापर्यंत मंजूर होऊ शकते.

वाटसरू: दोन एकर आहे, पुतण्या कसतो, वर्षाला एक पोतं ज्वारी देतो. पण त्याच्यावर केस म्हटलं की आत्या रडायलाच लागते, म्हणते उद्या मी पडले तर पाणी तोच देणार. तिचं चूक आहे असं मला म्हणवत नाही, गावात जवळ दुसरं कोणीच नाही. आधी फेरचौकशीचा अर्ज देतो. कोणाकडे नमुना असेल तर टाका प्लीज.