जुन्या स्पीकरच्या मागचा फ्यूज उडालाय, किती अँपिअरचा घालू?

कोळंबकाठ (मालवण)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी वडिलांचे म्हणजे तात्यांचे जुने स्पीकर आहेत. तात्या बोटीवर होते, १९७९ साली सिंगापूरला बोट लागली तेव्हा घेतलेले. थ्री वे आहेत, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांसाठी आत वेगवेगळे स्पीकर, मागच्या पाटीवर ८ ओहम, ६० वॅट लिहिलंय. माहितीपत्रक कधीच हरवलं.

यंदा चतुर्थीला घर भरलेलं, पुतण्याने मोबाईल अँप्लिफायरला जोडला, बास ट्रेबल दोन्ही फुल्ल केले आणि आवाज वाढवत वाढवत नेला, दोनेक तास वाजलं सगळं व्यवस्थित आणि मग रात्री आरतीची रेकॉर्ड लावली तर उजवीकडून झांजच येईना. मृदंग आहे, पेटी आहे, गाणाऱ्यांचा आवाज आहे, नुसती झांज गेली. हे तात्यांनी ओळखलं, आम्हाला कोणाला कळलंच नव्हतं.

मागे दोन काळ्या टोप्या आहेत, फिरवून काढायच्या, एकीवर ट्वीटर (वरच्या स्वरांचा) आणि एकीवर वूफर (खालच्या स्वरांचा) लिहिलंय. उजव्या ट्वीटरची टोपी काढली तर आत काचेचा फ्यूज, तार तुटलेली, काच आतून काळी-चंदेरी झालीय आणि टोकाच्या पितळी टोपणावरचा आकडा गंजामुळे वाचता येत नाही. डाव्या ट्वीटरचा फ्यूज शाबूत आहे, त्यावर एजीसी १ आणि २५० व्ही दिसतंय. उजव्या वूफरच्या फ्यूजवर एजीसी २ १/२ आहे. पण डाव्या वूफरचा फ्यूज उडालेला आहे आणि त्याला कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलाय! किती वर्षं तसा आहे देव जाणे.

बाजारात विचारलं तर दुकानदाराने ५ अँपिअरचा दिला, म्हणाला हाच सगळीकडे चालतो. तो आखूडही आहे, होल्डरमध्ये बसतच नाही. तर नक्की किती अँपिअरचा घालायचा, २५० व्होल्टचाच पाहिजे का, आणि तात्पुरती वायरिंगची बारीक तार घातली तर चालेल का? तात्या रोज विचारतात म्हणून जरा घाई आहे.

जुना_मेकॅनिक (रत्नागिरी)

तार अजिबात घालू नका, आणि तो ५ चा फ्यूज दुकानदाराला परत करा.

हिशोब सोपा आहे. करंटचा वर्ग करायचा आणि ओहमने गुणायचं. १ अँपिअरला ८ ओहममध्ये ८ वॅट होतात. ५ अँपिअरला होतात २०० वॅट. ट्वीटरची कॉईल केसासारख्या बारीक तारेची असते, २०० वॅटच्या कितीतरी आधी ती जळून कोळसा होईल आणि फ्यूज मात्र नवाकोरा राहील. मग त्या फ्यूजचा उपयोग काय? एक हजार रुपयांच्या वस्तूसाठी दहा रुपयाचा फ्यूज मरायला ठेवलेला असतो, तो मेला पाहिजे.

तुमच्याकडे डावा ट्वीटर शाबूत आहे ही फार चांगली गोष्ट, कारण दोन्ही स्पीकर सारखेच असणार, म्हणजे उजव्यालाही एजीसी १. वूफरला २ १/२. तुमच्या पाटीवरच्या आकड्यांशी पण ते जुळतं बघा, ६० भागिले ८ म्हणजे साडेसात, त्याचं वर्गमूळ पावणेतीनच्या आसपास, त्याच्या खालचा फ्यूज अडीचचा. म्हणजे मधल्या काळात कोणी बदलला असला तरी समजून बदललाय.

एजीसी ही अमेरिकन पद्धतीची खूण आहे, म्हणजे फास्ट ब्लो, लगेच तुटणारा. स्लो ब्लोवर, म्हणजे उशिरा तुटणाऱ्यावर, एमडीएल लिहिलेलं असतं, तो घेऊ नका. दुप्पट करंट गेला तर एजीसी जास्तीत जास्त ५ सेकंदांत तुटतो, एमडीएल तेवढ्याच करंटला निदान ५ सेकंद धरून राहतो, आणि ट्वीटरला ते ५ सेकंद पुरेसे आहेत. मापाचं म्हणाल तर जुना फ्यूज मोठा असतो, साधारण सव्वासहा मिलिमीटर जाड आणि ३२ लांब. हल्ली सगळीकडे मिळतो तो ५ बाय २०, तुम्हाला दिला तो तोच. त्यावर एफ म्हणजे फास्ट आणि टी म्हणजे स्लो. २० चा ३२ च्या होल्डरमध्ये टाचणी-स्प्रिंग लावून बसवायचे प्रकार लोक करतात ते करू नका, काँटॅक्ट ढिला राहतो.

२५० व्होल्टची काळजी नको. तो आकडा तुटल्यावर किती व्होल्टपर्यंत ठिणगी पुढे जाऊ देणार नाही त्याचा आहे, आवाजाशी काही संबंध नाही. जास्त चालतो. अँपिअर मात्र तोच.

आता महत्त्वाचं. काच काळी-चंदेरी झाली म्हणजे एकदम मोठा दणका बसलाय. हळूहळू तापून गेलेला फ्यूज असा दिसत नाही, त्यात काच स्वच्छ असते आणि तारेला मधेच बारीकशी फट पडलेली असते. म्हणून नवीन घालायच्या आधी दोन गोष्टी मोजा. अँप्लिफायर बंद करून प्लग काढा, मग ट्वीटर बाहेर काढून एक वायर सुटी करा आणि थेट त्याच्याच टर्मिनलवर मल्टिमीटरने ओहम बघा. ८ ओहमचा ट्वीटर साधारण साडेपाच ते सात दाखवतो. मागच्या टर्मिनलवरून मोजू नका, मधे कपॅसिटर असतो, मीटर ट्वीटरपर्यंत पोचतच नाही. दुसरं म्हणजे स्पीकर न जोडता अँप्लिफायर चालू करा, व्हॉल्यूम शून्य, पाच मिनिटं थांबा, आणि अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा व्होल्टेज, मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. एखादा व्होल्ट दिसला तर स्पीकर जोडूच नका, आउटपुटचा ट्रान्झिस्टर बघावा लागेल. डीसी ट्वीटरपर्यंत जात नाही, कपॅसिटर अडवतो, पण वूफरला तो सरळ जातो, आणि तुमच्या डाव्या वूफरला सध्या फ्यूजच नाही. तो चंदेरी कागद आजच्या आज काढा.

हायफाय_सह्याद्री (चिपळूण)

मी तर म्हणेन फ्यूज काढूनच टाका आणि तिथे जाड तांब्याची तार सोल्डर करा. सिग्नलच्या रस्त्यात फ्यूज म्हणजे अडथळा, माझ्या स्पीकरमध्ये काढल्यावर आवाज मोकळा झाल्यासारखा वाटला. नाहीतर ते ऑडिओसाठीचे खास फ्यूज मिळतात ते घ्या, महाग असतात.

जुना_मेकॅनिक (रत्नागिरी)

@हायफाय_सह्याद्री, तुमचा कान खोटा म्हणत नाही, पण आकडे बघू. १ अँपिअरच्या फास्ट फ्यूजचा रेझिस्टन्स एक-दोन दशांश ओहम असतो. ८ ओहमसमोर तेवढ्याने आवाज डेसिबलच्या एक-दोन दशांशाने कमी होतो. जोरात वाजवताना फ्यूज तापतो आणि रेझिस्टन्स थोडा वाढतो हे खरं, वूफरच्या खालच्या स्वरांत ते मोजताही येतं. घरी एकटा माणूस ऐकत असेल आणि अँप्लिफायर नीट असेल तर तुमचा निर्णय तुम्ही घ्या. पण यांच्या घरी गणपतीत वीस माणसं आणि पोरं व्हॉल्यूम फिरवणारी, तिथे मी फ्यूज काढा म्हणून सांगणार नाही. त्या जुन्या माणसाचा ट्वीटर गेला तर तसा दुसरा आणणार कुठून? मॅग्नेपॅनच्या पॅनेल स्पीकरना ट्वीटरचा फ्यूज मागे दिलेला असतो, बोसच्या कित्येक मॉडेलमध्ये त्याच कामासाठी आत छोटा बल्ब असायचा, पोकने पॉलिस्विच (जास्त करंटला अडवून नंतर आपोआप पूर्ववत होणारा) वापरलेत. या लोकांना आवाज कळत नव्हता असं थोडंच आहे.

आणि महागडे फ्यूज घेऊ नका हो. साधा चांगल्या कंपनीचा घ्या.

देवगडचो_झील

मेल्या, पयलो तो होल्डर बघ रे! आकडो बरोबर आसलो तरी आपल्याकडे खारो वारो फ्यूज सोडणा नाय.

सगळ्यांसाठी मराठीत सांगतो. माझ्याकडे घर समुद्रापासून दोनशे मीटरवर आहे, स्पीकर असेच मागे फ्यूजवाले. एका वर्षात तीनदा ट्वीटर बंद पडला, तिन्ही वेळा मी नवीन फ्यूज घातला आणि तिन्ही वेळा चालू झाला, म्हणून मला वाटायचं फ्यूजच उडतोय. चौथ्या वेळी जुना फ्यूज फेकण्याआधी मीटर लावला तर तो चांगला! दोष होल्डरमध्ये होता, आतल्या स्प्रिंगवर आणि पितळी पट्टीवर हिरवं चढलेलं, बोटाने घासलं तर पावडरसारखं निघत होतं. नवीन फ्यूज फिरवून बसवताना ते घासलं जायचं म्हणून महिना-दोन महिने चालायचं आणि पावसात परत बंद.

तर टोपी काढल्यावर बॅटरी मारून आत बघ. हिरवं किंवा काळं दिसलं तर बारीक पॉलिश पेपर पेन्सिलला गुंडाळून आत फिरव, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल कानाच्या काडीला लावून पुस, मेडिकलमध्ये किंवा मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं. खोबरेल किंवा रॉकेल लावू नकोस, धूळ आणि चिकटा धरतं. स्प्रिंग दाबून बघ, मेलेली असेल तर पूर्ण होल्डरच बदल. आणि चारही होल्डर एकदम कर, एकच करून थांबू नकोस.

फ्यूज मालवणात मोठ्या मापाचे कदाचित मिळणार नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणारा कोणी चाकरमानी असला तर सांगून ठेव, तिथे एजीसी सुटे पण मिळतात. दहा-दहा आणव, परत परत कोण जाणार.

कोळंबकाठ (मालवण)

काका आणि देवगडकर, दोघांचेही मनापासून आभार. काल रविवारी सगळं करून बसलो.

अँप्लिफायरचा डीसी डावीकडे १२ आणि उजवीकडे १८ मिलिव्होल्ट, म्हणजे तो ठीक आहे. उजवा ट्वीटर सोडवून मोजला, ६.१ दाखवतोय!! डावा ६.२. म्हणजे फ्यूजने वाचवला त्याला. हात थरथरत होते मीटर लावताना खरंच, कारण तात्या बाजूला खुर्ची टाकून बसलेले आणि एक शब्द बोलत नव्हते.

होल्डरचं देवगडकरांनी म्हटल्यासारखंच निघालं, उजव्या ट्वीटरचा तेवढा बरा, पण डाव्या वूफरच्या होल्डरमध्ये पट्टी पूर्ण हिरवी आणि त्या चंदेरी कागदाचे तुकडे चिकटलेले, चिमट्याने काढावे लागले. तीन साफ झाले, एक बदलावा लागणार. आतेभाऊ लालबागला असतो, तो शनिवारी गाडीने येतोय, त्याला एजीसी १ चे दहा, अडीचचे दहा आणि एक होल्डर सांगितलाय.

एक प्रश्न राहिला. पुतण्या विचारतोय की अँप्लिफायर फक्त ३० वॅटचा आहे आणि स्पीकर ६० चे, मग फ्यूज उडालाच कसा?

जुना_मेकॅनिक (रत्नागिरी)

पुतण्याने चांगलं विचारलं. ३० वॅटच्या अँप्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर पळवलं की तो लहरीचे शेंडे कापतो, क्लिप होतो. कापलेल्या लहरीत वरच्या स्वरांची भर पडते आणि ती सगळी क्रॉसओव्हरमधून (स्वर वाटून देणारं सर्किट) ट्वीटरच्या वाट्याला येते. त्यात ट्रेबलचा नॉब फुल्ल. म्हणून मोठ्या अँप्लिफायरने कमी आणि लहान अँप्लिफायरने जास्त ट्वीटर जळालेले मी टेबलावर बघितलेत. त्याला सांगा, आवाज फाटायला लागला की तिथून मागे यायचं, आणि बास-ट्रेबल मधोमध ठेवायचे.

फ्यूज आले की आधी फक्त उजवा ट्वीटर, अगदी कमी आवाजात. डावा स्पीकर नवीन होल्डर बसेपर्यंत जोडू नका. आणि एका कागदावर ट्वीटर एजीसी १, वूफर एजीसी २ १/२ असं लिहून दोन्ही स्पीकरच्या मागे चिकटवा, वर सेलोटेप मारा.

कोळंबकाठ (मालवण)

बसवले. कागद तात्यांनीच लिहिला, त्यांच्या अक्षरात, दोन्हीकडे. आधी उजवा एकटा लावला, मग होल्डर बदलून डावा पण. तीच आरतीची रेकॉर्ड लावली आणि तात्या उजव्या स्पीकरला कान लावून उभे राहिले, मग डाव्याला, मग परत उजव्याला. म्हणाले, आली.

उरलेले फ्यूज डबीत घालून देवघराच्या फडताळात ठेवलेत, पावसाळ्यासाठी डबीत सिलिका जेलची पुडी पण टाकलीय.