स्पीकर बदलले, ॲम्प बदलला, डग्गा अजून घुमतोच. आता केबल घेऊ का?

डग्गाप्रेमी: नमस्कार मंडळी. ३ वर्षांत हा माझा तिसरा सेटअप. आधी ॲक्टिव्ह स्पीकर (ॲम्प आतच असतो ते), मग बुकशेल्फ म्हणजे छोटे स्पीकर आणि वेगळा ॲम्प, दिवाळीत डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा). दरवेळी पहिले पंधरा दिवस वाटतं हेच ते, मग एका रात्री ख्याल लावतो आणि परत तेच, तबल्याची चाटी स्वच्छ वाजते पण डग्ग्याचा एखादा ठोका अख्ख्या खोलीत घुमत राहतो आणि तानपुरा त्याखाली दबून जातो. खोली १२ बाय १०, छतपण १० फुटांवर, स्पीकर समोरच्या भिंतीला लागून, सोफा मागच्या भिंतीला. दुकानदार म्हणतो स्पीकरची केबल बदला, जोडी २२ हजार. दुकानात फरक वाटला खरा. घेऊ का?

पेठकर: केबल राहू द्या, तुमच्या मापांतच उत्तर आहे. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट असले की ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज मध्ये अडकून फुगतो. तुमची रुंदी १० आणि उंचीपण १०, म्हणजे त्याच ५६ ला दोनदा फुगतो, वर १२ फुटांचा ४७ ला वेगळाच. डग्ग्याला घुमारा हवाच हो, पण हा घुमारा खोलीचा आहे. त्यात भिंतीपाशी बास सगळ्यात जास्त साठतो आणि तुमचं डोकं नेमकं तिथंच. सोफा ३-४ फूट पुढे घ्या (अगदी मधोमध नको, तिथे बास गायब होतो), स्पीकर दीड-दोन फूट भिंतीपासून सोडवा. आणि भिंतीला लावायचा तो २ इंची फोम चिकटवू नका, ५६ हर्ट्झची लाट जवळपास २० फुटांची असते, फोम तिला काय अडवणार.

मुलुंडकर: केबलचं मी स्वतः करून बघितलंय. बायकोला म्हटलं तू बदलत जा, कुठली लावलीस ते सांगू नकोस. २० पैकी ११ वेळा बरोबर आलं, म्हणजे छापा-काटाच. आणि दुकानात व्हॉल्यूम तोच होता का बघितलंत? आवाज जरासा जरी मोठा असला तरी कानाला तोच चांगला वाटतो. साधी १४ गेजची तांब्याची वायर भरपूर झाली.

तबकडीकाका: केबलबद्दल दोघांचं बरोबर आहे, पण बाळा, शोध सोडू नकोस. वडिलांकडच्या ७८ च्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम ३ मिनिटं, लहानपणी खरखरीतून फक्त गाणं ऐकू यायचं. पुढे चांगली पिन आणि बरे स्पीकर आले तेव्हा त्याच तबकडीत मागची सारंगी सापडली, गायिकेने तानेआधी घेतलेला श्वास सापडला. इतकी वर्षं ते तिथंच होतं. त्या रात्री मी तीच बाजू पाच-सहा वेळा लावली.

डग्गाप्रेमी: काल रात्री सोफा साडेतीन फूट ओढला, स्पीकर पुढे घेतले. पेठकर, फरक पहिल्याच आवर्तनात कळला! डग्ग्याची मींड आता सरकताना ऐकू येते, आधी नुसता गोळा व्हायचा, आणि काका, तानपुऱ्याचा खर्ज सलग लागतोय. केबल कॅन्सल. एक ठोका मात्र अजून उरलाय, तो नेमका कुठे आहे ते मोजायचंय. रूम ईक्यू विझार्ड हे खोलीचा आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून उतरवून घेतलं, पण मोजायचा माईक नाही. पुण्यात कुणाकडे आठवडाभरासाठी मिळेल का? कोथरूड ते हडपसर कुठेही येऊन घेऊन जाईन.