आलेख खरा असेल, निष्कर्षाचं काय?

सांख्यिक: 'लैंगिक गुन्हेगार खोटं बोलेल, प्लेथिस्मोग्राफ बोलणार नाही,' असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. राहवत नाही म्हणून लिहितोय. लैंगिक उत्तेजना जोखायला लिंगाचा घेर मोजणारी ती पट्टी इमानदार असेलही. पण एका प्रयोगशाळेत चित्रं दाखवतात, दुसरीत ध्वनिफीत ऐकवतात. कुणी नुसते मिलिमीटर धरतो, कुणी झेड स्कोअर, म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्या सरासरीपासूनचं प्रमाणित अंतर, काढतो. किमान किती प्रतिसाद आला तर चाचणी ग्राह्य, यावरही एकमत नाही. मग दोन शोधनिबंधांची तुलना कशाच्या जोरावर करायची?

ऋजुता: हॅन्सन आणि बुसिएर या संशोधकांचं, अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं १९९८ चं विश्लेषण वाचलंय ना? मुलांविषयीचं आकर्षण या चाचणीत दिसणं हाच पुन्हा लैंगिक गुन्हा घडण्याचा सर्वांत ठळक सूचक ठरला. सहसंबंध ०.३२. एवढ्या गोंधळातही!

सांख्यिक: गटाचा आकडा आहे तो. एका माणसाच्या कपाळी मारू नका.

दीपस्तंभ: ते राहू द्या, प्रतिसादच न देणारे कुठे जातात ते बोला. मी एका संशोधन गटात होतो. तक्त्यात 'वगळले' असा रकाना होता, छपाईला जाताना तो उडाला. विचारलं तर वरिष्ठ म्हणाले, वाचकांचा गोंधळ होईल. अजून संताप येतो.

ऋजुता: सपाट रेषेचा अर्थ तुम्ही काय लावणार होतात? माणूस घाबरलेला असेल, औषधांवर असेल, मुद्दाम मन दुसरीकडे वळवत असेल.

दीपस्तंभ: अहो, म्हणूनच तर आकडा हवा! दाबून धरणारे गाळले की उरलेल्यांवर चाचणी झकास दिसणारच.

समुपदेशक: तुमचा वाद ऐकून जीव जळतो. मी पीडित मुलांसोबत काम करते. एका प्रकरणात अहवाल 'सामान्य' आला आणि घरच्यांनी तोच निर्दोषत्वाचा दाखला मानला. पोर गप्पच झाली. ब्लँचर्ड आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासात, कबुली न देणाऱ्या आणि तीन वा अधिक मुलं बळी पडलेल्या गुन्हेगारांतही चाचणीने ६१ टक्केच ओळखले. 'सामान्य'ला काडीची किंमत देऊ नका.

ऋजुता: त्याच अभ्यासात विशिष्टता, म्हणजे असं आकर्षण नसलेल्यांना तसं न ठरवण्याचं प्रमाण, ९६ टक्के होती, तेही सांगा. बरं, वगळलेल्यांचा आकडा छापायलाच हवा, मान्य. पण चाचणी मोडीत काढायला मी तयार नाही.

दीपस्तंभ: मोडीत काढा म्हटलंय कुणी? आकडा नसेल तर निबंध परत पाठवा, एवढंच म्हणतोय.