जासूद म्हणजे हेर की निरोप्या?

मोडीवेडा: पेशवाईतल्या पत्रांबद्दल हल्ली जे लिहिलं जातं, त्यात ‘जासूद’ दिसला की पुढे ‘गुप्तहेर’ असा अर्थ ठोकून दिलेला असतो. मला हे चुकीचं वाटतं. अठराव्या शतकातल्या पत्रांतला जासूद बहुतेक वेळा थैली घेऊन पायी पल्ला मारणारा माणूस आहे. ‘जासूद जोडी’ रवाना होते. एकाला वाटेत काही झालं तरी दुसरा पत्र पोचवील म्हणून. मजुरीला अजुरा म्हणत, आणि ठरवून पाठवलेला तो अजुरदार. पाळतीवरच्या माणसासाठी हेर आणि नजरबाज हे शब्द होतेच की!

गडवाट: साफ असहमत. शब्द मुळात अरबी ‘जासूस’, म्हणजे हेरच. आणि शिवकाळाचा बखरकार सभासद काय लिहितो? १६७९ च्या जालना स्वारीनंतर महाराजांना आडवाटेने पट्टागडावर सुखरूप नेणारा बहिर्जी, त्याला तो जासूदच म्हणतो. बहिर्जी नाईक काय पत्रं वाटत होते?

मोडीवेडा: सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, मी बोलतोय पुढच्या शंभर वर्षांबद्दल. मूळ अरबी अर्थाला किती धरून बसायचं? कागदात तो काय करतोय ते पाहा ना. तो येतो, लखोटा देतो, जबाब घेऊन जातो.

नर्मदापार: तुम्ही दोघं हे एवढं वेगळं का काढताय? आठ-दहा दिवस मुलूख तुडवत आलेल्या माणसाला कोणता मालक फक्त लखोटा मागेल? कोणत्या घाटाला चौक्या बसल्यात, कोणाची फौज कुठे उतरलीय, हे तो तोंडी सांगणारच. पत्रातही उरलेला मजकूर मुखजबानीवर सोडलेला असतो. पानिपतचं घ्या. अब्दालीने वाटा तोडल्या आणि भाऊसाहेबांच्या छावणीची खबर दक्षिणेकडे येईना. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली, नानासाहेबांना भेलशाच्या (आजच्या विदिशाच्या) मुक्कामी कळलं ते सावकाराच्या कासिदाकडच्या, म्हणजे निरोप्याकडच्या, पत्रातून. ‘दोन मोत्ये गळाली’, म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव गेले, ते हेच पत्र. तो कासीद पेढीचा नोकर, हेर नव्हे. पण पेशव्यांपर्यंत खबर त्याच्याच थैलीतून गेली.

गडवाट: हे पटतंय. पण मग जासूद ‘नुसता पोस्टमन’ होत नाही, हेच मी म्हणत होतो.

वेशीपल्याड: सगळी चर्चा दरबाराची चाललीय. गावोगाव निरोप कोण नेत होतं? मयताची खबर परगावच्या सोयऱ्यांना सांगायला महार वतनदारच जायचा, रात्र असो की पाऊस. त्याला अजुरा नव्हता, ते वतनाचं काम धरलेलं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते असल्या राबणुकीविरुद्धच. जासुदाचा अजुरा तरी कागदावर चढला. ‘सांगावा धाडला’ हे आपण किती सहज म्हणतो, धाडला कोणाला ते कुठेच येत नाही.

मोडीवेडा: हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जासुदाच्या अर्थावर मात्र मी ठाम आहे. पत्रं छापताना तळटीपेत ‘पत्रवाहक’ लिहावं, आणि पाळतीचा स्पष्ट उल्लेख असेल तिथेच ‘हेर’.

नर्मदापार: ‘पत्रवाहक’ नको. ‘जासूद’च ठेवा आणि त्या पत्रात तो काय करतो ते तिथेच सांगा.